उभ्यानं सांग

सुमन शहारेचा मला मत्सर वाटतो, हे आधीच सांगून टाकते. मग कुणी ते हुडकत बसायला नको. मी वकील आहे. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच आधी मांडली की तिची धार कमी होते, एवढं तरी मला इतक्या वर्षांच्या वकिलीनं शिकवलंय. तर, वाटतो. ती गोंदिया सोडून देवरीला जाऊन बसली, तरी वाटतो. हे लिहिते आहे ते पेनसुद्धा माझं नाही, आणि त्यालाही एका परीनं तीच जबाबदार आहे. त्याचं पुढं येईलच.

माझी पेनं ती न्यायची. नागपूरला लॉ कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, तेव्हापासून. "वंदे, पेन दे व जरा," म्हणायची, आणि ते पेन मला पुन्हा दिसायचं नाही. मागायला जावं तर स्वतःच्या पर्समध्ये, कोटाच्या खिशात, केसांच्या अंबाड्यातही शोधायची, आणि शेवटी माझ्याकडेच असं बघायची की जणू मीच तिचं पेन हरवलंय. मला लिहिताना टोपण चावायची सवय आहे. माझ्या पेनांची टोपणं दातांच्या खुणांवरून ओळखू येतात. तरीही ती ठामपणे म्हणायची, "हे तं माहं आहे." कोर्टासमोरचा चहावाला मला रोज विचारायचा, "वंदना मॅडम, आज फिर शहीद हुआ क्या पेन?"

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. तयार विकत घेतलेला काळा कोट, त्याच्या बाह्या मनगटापर्यंत कधी पोचल्याच नाहीत. गावाबाहेरच्या कुडव्याहून स्कूटीवर यायची ती कोट तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घालून हँडलला लटकावून. कोर्टाच्या दारात स्कूटी लावली की पिशवीतून कोट निघायचा, झटकला जायचा, आणि तिचं हसणं सुरू व्हायचं. ते हसणं बार रूमपर्यंत ऐकू यायचं. बार रूममध्ये खिडकीजवळ, पंख्याखाली माझं टेबल होतं. सासऱ्यांकडून आलेलं सागवानी टेबल, वर काच, काचेखाली देवांचे फोटो. तिचं टेबल आवारात, टायपिंगवाल्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून. उन्हाळ्यात तिथं बसवत नाही. पण देवरी, सालेकसा, चिचगड इकडून आलेले लोक माझ्या खिडकीवरून चालत जायचे आणि त्या तापलेल्या पत्र्याखाली रांग लावायचे. मी खिडकीतून बघायचे. पंखा माझ्या डोक्यावर फिरत असायचा आणि आत मी तापत असायचे.

रांग लागण्याचं कारण तिची एक रीत होती. पक्षकार आला की ती त्याला खुर्चीवर बसवायची, सगळं ऐकून घ्यायची, मध्ये एक शब्द बोलायची नाही. ऐकून झालं की म्हणायची, "झालं? हे तं पोलिसांले सांगितलं ते झालं. आता उठ. उभ्यानं सांग." आणि त्याला घेऊन चहाच्या टपरीकडे चालायला लागायची. माणूस उभा राहिला, चालायला लागला की त्याचे हात हलायला लागतात. तो तिथं होता, मी इथं होतो, असं दाखवायला लागतो. बसून सांगितलेली गोष्ट पाठ केलेली असते, उभ्यानं सांगितलेली घडलेली असते, असं तिचं म्हणणं.

एक म्हातारा होता. शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली, असा आरोप. तो आधी माझ्याकडे आला होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, अर्धा तास ऐकून घेतलं, आणि म्हटलं, केस कठीण आहे. तो उठून सुमनकडे गेला. तिनं त्याला उभ्यानं सांगायला लावलं. काठी कशी होती ते दाखवताना कळलं की म्हाताऱ्याचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. बैलानं फार पूर्वी खांदा निखळवलेला. त्याला स्वतःला हे सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. डॉक्टरचा दाखला आला, म्हातारा सुटला, आणि सुटल्यावर जाताना माझ्या खिडकीपाशी येऊन मलाच नमस्कार करून गेला. "तुमी बी चांगल्या आहा जी," म्हणाला. तो 'बी' मला अजून टोचतो.

मग मीही ती रीत करून पाहिली. सरळ सांगते, मी चोरलीच. एका व्यापाऱ्याला म्हटलं, "उठा, उभ्यानं सांगा." तो उठला, हात जोडले, "अच्छा मॅडम, फिर आता हूँ," म्हणाला आणि निघून गेला. त्याला वाटलं मी त्याला जायला सांगितलं. पुन्हा आलाच नाही.

मत्सराला कारण एकच असतं तर सोसलं असतं. पण माझ्या घरातही ती शिरली. लग्न होऊन मी गोंदियात आले त्या सुरुवातीच्या वर्षांत सुमन एकदा घरी आली. सासूबाईंनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं, ते देवरी निघालं, आणि आत जाऊन माझ्यासाठी कपबशीत आणि तिच्यासाठी स्टीलच्या पेल्यात चहा आणला. मला कळलं. मी खाली मान घालून चहा प्यायले. सुमननं पेल्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काऊन जी आजी, कपबश्या फुटल्या काय? मले सांगायचं न, मी घरून आणली असती." सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या वेळी ती खरोखर सहा कपबश्यांचा सेट घेऊन आली. निळ्या फुलांचा. "आजी, आता माणसं कमी नाही पडाची," म्हणाली. सासूबाईंनी तो सेट ठेवून घेतला, आणि गंमत अशी की पुढं घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यातच चहा दिला. शेवटच्या आजारात त्यांना माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्याचं काही विचारायचं होतं. घरात वकील सून असताना त्या म्हणाल्या, "वो देवरीवाली को बुला दे." वर्षानुवर्षं त्या घरात राहून मला जे एक वाक्य बोलता आलं नव्हतं, ते ही बाई पहिल्याच चहाला बोलून गेली होती. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

मग कॉम्प्युटर आले, कागदाऐवजी पडद्यावर दावे दाखल करायचे दिवस आले. बार रूममध्ये जणू कुणी गेलंय असं वातावरण. म्हातारे वकील म्हणाले, आता आमचं संपलं. तरुण म्हणाले, आमचं सुरू व्हायच्या आधीच संपलं. मी मधल्या वयाची, मी दोन्ही बाजूंनी रडले. सुमननं मात्र दोन बोटांनी टायपिंग करत पहिल्याच आठवड्यात दावा दाखल करून दाखवला. मशीन कुठलंही असो, त्याला ती 'बाबू' म्हणायची. स्कॅनर बाबू, प्रिंटर बाबू, आणि पुढं फोनमधलं ते विचारलं की उत्तर देणारं, अर्ज लिहून देणारं प्रकरण आलं तर तो मोठा बाबू. "बाबूले विचारते," म्हणून फोनवर बोट फिरवायची. "काय म्हणते बाबू? म्हणते, जामीन भेटते. यानं पोलीस स्टेशन पाह्यलं काय कधी?"

एकदा बार रूममध्ये वाद पेटला होता, की दहा वर्षांनी वकील राहतील का. सुमन चहा घ्यायला आत आली होती. कुणीतरी तिला विचारलं. ती बशीत चहा ओतत म्हणाली, "मशीन वकील होईल गा. पण जामीनदार तं माणूसच लागते." आणि चहा पिऊन बाहेर पडली, ती जाता जाता खिडकीतून हात घालून माझं पेन घेऊन गेली.

माझं मत तर आधीच ठरलेलं होतं. माझी मुलगी पूर्वा, एकुलती एक, वकील होणार नव्हती. आम्ही तिला कॉम्प्युटरचं शिक्षण दिलं. नागपुरात शिकली, पुण्याच्या एका कंपनीची नोकरी हातात आली, रुजू व्हायला दोन महिने होते. मी तिला लहानपणापासून सांगत आले होते, बाई गं, या धंद्यात आता काही नाही, जे मी लिहिते ते उद्या मशीन लिहील, तू मशीन बनवणाऱ्यांत जा. तिलाही ते पटलं होतं. मी घरी फायली आणायचे, जेवणाच्या टेबलावर पसरायचे, फोनवर पक्षकारांशी बोलायचे, आणि इतक्या वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं की आई, आज काय झालं. पिकतं तिथं विकत नाही.

त्या दोन महिन्यांत सुमननं तिला बोलावलं. "पोट्टी रिकामी आहे न? पाठव माह्याकडे. बाबूले वळण लावून दे म्हणा." पूर्वानं तिच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात माणसानं बोललेलं आपोआप लिहिलं जायचं, आणि एक बटण दाबलं की लिहिलेलं शुद्धही व्हायचं. सुमन खूश. आता पक्षकाराबरोबर टपरीकडे चालता चालता फोन हातात धरायचा, तो उभ्यानं सांगतो ते जसंच्या तसं उतरतं. आणि इकडे माझ्या घरात रात्रीच्या जेवणाला वेगळाच विषय सुरू झाला. सुमनमावशी आज असं म्हणाली. आई, तुला माहितीये, पंचनामा म्हणजे काय असतो? आई, मावशीच्या त्या म्हाताऱ्याचा हात वर जात नव्हता, हे तुला ठाऊक होतं? मी म्हटलं, ठाऊक होतं, भात वाढ.

त्यातच गीताची केस आली. देवरीकडच्या एका गावची बाई. नवरा मारतो, घरातून काढलं, राहायला जागा आणि पोटाला खर्च मिळावा म्हणून तिनं अर्ज केला होता. तिची वकील सुमन. नवऱ्याची वकील मी. नवऱ्याचं म्हणणं होतं, मी हात लावलाच नाही, मारलं म्हणते त्या दिवसाच्या आधीच ती आपल्या मर्जीनं माहेरी निघून गेली होती. गीताचं म्हणणं, त्या दिवशी मार चुकवायला ती माहेरी निघाली, आणि त्यानं रस्त्यात गाठून मारलं. म्हणजे सगळी केस एवढ्यावर उभी होती की त्या दिवशी ती माहेरी होती की वाटेत होती. माहेरी असेल तर ती खोटं बोलते. वाटेत असेल तर तो.

सुमननं गीताचं शपथपत्र दाखल केलं. मी ते वाचलं आणि एका ओळीवर थांबले. 'त्या दिवशी मी माहेरी जाऊन राहिले होते.'

गीता काय म्हणाली असेल ते मला त्याच क्षणी कळलं. ती म्हणाली असणार, जाऊन राहिली होती. आमच्या झाडीपट्टीत जाऊन राहिली म्हणजे जात होती. माझ्या माहेरी शेतावरची बाई "येऊन राहिली जी" म्हणून ओरडायची तेव्हा ती अजून बांधावर असायची. मशीननं ते ऐकलं, त्याला वाटलं बाई अशुद्ध बोलते, त्यानं 'राहिली होती'चं 'राहिले होते' केलं. दोन मात्रा. आणि वाटेत असलेली बाई पुण्याच्या मराठीत माहेरी मुक्कामाला पोचली. सुमननं ते वाचलं नव्हतं असं नाही. वाचूनच सही केली होती. पण ती देवरीची. तिच्या कानात गीताचंच बोलणं वाजत असणार, म्हणून कागदावरचं शुद्ध वाक्य तिनं गीताच्या आवाजात वाचलं. बाहेरगावच्या वकिलाकडून ही चूक झालीच नसती.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मी नवऱ्याची वकील होते. बायकोचे शब्द नीट करून देणं हे माझं काम नव्हतं.

उलटतपासात मी गीताला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माहेरी जाऊन राहिल्या होत्या. बरोबर?"

ती म्हणाली, "हो जी. जाऊन राहिली होती."

ते नोंदवलं गेलं. मी खाली बसले. मागच्या बाकावर पूर्वा बसली होती, सुमनमावशीचं काम बघायला आलेली. मी मुद्दाम मागं वळून पाहिलं. म्हटलं, बघ, तुझी आईही काही कमी नाही. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला चूक कळली होती. ते बटण तिनंच चालू करून ठेवलं होतं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कोर्टात एक फार दयाळू देव आहे. त्याचं नाव 'टंकलेखनातील चूक'. सगळ्या वकिलांची पापं तो पोटात घालतो. सुमन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, आता ती त्याचाच धावा करणार. तिनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "सर, इथं चूक आहे. टंकलेखनाची नाही. वाचण्याची आहे, आणि ती माझी आहे. बाई बोलली ते मशीननं लिहिलं, दोन मात्रा मशीननं सुधारल्या, आणि मी ते वाचून खाली सही केली. बाईला शिक्षा नको. नोटीस द्यायची तर मला द्या सर, मशीनचा पत्ता माझ्याजवळ नाही."

सगळे हसले. न्यायाधीश कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. तेही हसले आणि गीताकडे वळले. "बाई, तुम्ही त्या दिवशी माहेरी राहत होता?"

"नाही जी. जाऊन राहिली होती."

"म्हणजे राहत होता ना?"

गीता त्यांच्याकडे असं बघायला लागली, की एवढा मोठा साहेब आणि याला काहीच कसं समजत नाही. "जाऊन राहिली होती जी! पोचली कुठं? रस्त्यातच तं धरलं यानं मले!"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही इथल्याच ना? इकडे याचा अर्थ काय होतो?"

माझा पक्षकार मागून कुजबुजला, "मॅडम, राहिली मतलब राहिली, बोल दो ना." मला उत्तर तयार होतं. शपथपत्रात जे लिहिलंय ते लिहिलंय, सर. कायद्यानं चुकीचं नव्हतं, कुणी नावं ठेवली नसती. सुमन माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या पेनाचं टोपण उघडत होती, बंद करत होती. पेन माझं होतं, सकाळी नेलेलं.

मी म्हटलं, "सर, इकडच्या बोलीत जाऊन राहिली होती म्हणजे जात होती. ती वाटेत होती."

का सांगितलं, असं मला नवऱ्यानं विचारलं, सहकाऱ्यांनी विचारलं. मी मोठमोठी कारणं दिली. खरं कारण असं की सुमननं भर कोर्टात एवढं मोठं मन दाखवल्यावर तिच्या शेजारी लहान दिसायची माझी तयारी नव्हती. मत्सरापायी माणूस कधी कधी खरंही बोलतो.

गीताला घर मिळालं, खर्च मिळाला. माझ्या पक्षकारानं फाईल परत नेली आणि गावभर माझं नाव केलं. आणि बार रूममध्ये चर्चा कुणाची? शहारेबाईची हिंमत पाहा. शहारेबाईनं मशीनवर नाही ढकललं. चहावाल्यानं तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. अर्थ मी सांगितला होता, केस माझी बुडाली होती, आणि टाळ्या तिला. त्या दिवशी मी डबा न खाता घरी आले.

पूर्वा माझ्या आधी येऊन बसली होती. डोळे लाल. "आई, मावशीनं माझं नाव घेतलं नाही," म्हणाली. "ॲप मी टाकलं, शुद्ध करायचं बटण मी चालू ठेवलं. बाहेर आल्यावर मी सॉरी म्हटलं, तर म्हणाली, कायले सॉरी? सही तुही होती काय?"

मी म्हटलं, "मग प्रश्न मिटला."

"नाही आई. मला असं काम करायचंय ज्याच्या खाली माझी सही असेल. मी पुण्याला नाही जात. मी लॉ करते."

मी खूप बोलले. मशीनचं सांगितलं, पगाराचं सांगितलं, कोर्टातल्या तारखांचं सांगितलं. तिचे बाबा गिरणीतून आले, त्यांनाही बोलायला लावलं. पण खरं दुखणं मी कुणाला सांगितलं नाही. ते असं की मी या पोरीसमोर तिच्या जन्मापासून सह्या करत आले होते. जेवणाच्या टेबलावर, तिच्या वहीशेजारी, तिच्या डोळ्यांदेखत. तिला सही दिसली ती सुमनची.

तिनं गोंदियातच लॉ कॉलेजात नाव घातलं. तीन वर्षं संध्याकाळी घरी यायची ती सुमनच्या शेडवरून, चेहऱ्यावर ऊन घेऊन. हळूहळू बोलण्यात 'काऊन' आलं, 'तवा' आलं. सनद मिळाली. पहिल्या दिवशी काळा कोट घालून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, मी मावशीकडे ज्युनिअर म्हणून बसते. तू रागावणार नाहीस ना?" मी म्हटलं, "मी कशाला रागावू?" आणि बार रूममध्ये येऊन खिडकीकडे पाठ करून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाठ केली.

थोड्याच वेळात पूर्वा तणतणत आत आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली. "मावशीनं हाकललं मला."

"का गं?"

"म्हणाली, माह्याकडे कायले आली? त्या दिवशी मी तं फक्त माही चूक कबूल केली. त्याले काय लागते? तोंड लागते. तुह्या आईनं आपली केस बुडवून अर्थ सांगितला. ते मले अजून नाही जमलं. जा, तिथं बस."

बार रूममध्ये गलका होता, कुणी ऐकलं नाही. मला रडू आलं. ते कोटाच्या बाहीनं पुसलं, आणि पुसता पुसताच राग आला. इतकी वर्षं ही बाई रोज माझ्या खिडकीपाशी येत होती. पेन मागायला वेळ होता, आणि हे एक वाक्य मला तोंडावर सांगायला नव्हता? चारचौघांत सांगायला काय झालं होतं? आणि माझी मुलगी माझ्या टेबलाला आली, तीही माझ्यामुळे नाही, हिनं पाठवली म्हणून. हे देणंसुद्धा तिच्याच हातून व्हावं? पण खुर्ची सरकवून पोरीला पंख्याखाली जागा केली. सुमननं माझं आजवर जे काही नेलं, त्यातलं एवढंच परत आलं होतं.

पुढं ती देवरीला गेली. "गोंदियाचं कोर्ट आता फोनात येते व वंदे, पण देवरीच्या बाईले गोंदियात यायले बस लागते," म्हणाली. तिथल्या कोर्टाजवळ तिनं एक खोली घेतली. इथल्या तारखांना ती पडद्यावर हजर होते. तिच्या शेडखाली आता एक फोटोकॉपीवाला बसतो. मी खिडकीतून त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे. दोघांनाही काही सुचत नाही.

परवा तिला पाहिलं ते असंच पडद्यावर. मी आणि पूर्वा दुसऱ्या एका केससाठी कोर्टात बसलो होतो. भिंतीवरच्या पडद्यावर सुमन उगवली. मागं खिडकी, खिडकीत सागाची पानं. शेजारी एक माणूस उभा, उंच असावा, कारण पडद्यात त्याचं फक्त पोट दिसत होतं आणि हलणारे दोन हात. अर्थात, उभ्यानं सांगत होता. सुमन त्याच्याकडे मान वर करून हसत होती, पण आवाज येत नव्हता. न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, आवाज बंद आहे तुमचा." तिला ते ऐकू आलं नाही. बार रूमपर्यंत ऐकू येणारं ते हसणं, आणि आम्ही सगळे ते नुसतं बघत होतो. मग तिनं हातातल्या पेनानं फोनवर कुठंतरी टोचलं आणि पडदा काळा झाला. टोपणाचं टोक चावलेलं होतं. मला इथून दिसलं.

टेबलाशी परत आलो तर एक पक्षकार वाट बघत होता. सडक अर्जुनीकडचा, पन्नाशीचा माणूस. खुर्चीवर बसला आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून मोकळा झाला. मी काही विचारणार, एवढ्यात शेजारून पूर्वा म्हणाली, "काका, आता उठा. उभ्यानं सांगा."

मला तो व्यापारी आठवला. तो उठला. हात जोडले नाहीत, निघून गेला नाही. उजवा हात लांब करून म्हणाला, "हे असं पाहा बाई, विहीर इकडे, अन् मी इकडून येऊन राहिलो होतो..."

मी लिहून घ्यायला पेन शोधलं. टेबलावर नव्हतं, कोटात नव्हतं, अंबाड्यात तर मी कधी ठेवतच नाही. पूर्वानं त्या माणसावरची नजर न हलवता आपलं पेन माझ्यापुढं केलं. "परत दे हं, आई."

अजून दिलेलं नाही. हे त्यानंच लिहिलंय.